आग्रह आणि दुराग्रह

‘आग्रह’ आणि ‘दुराग्रह’ या दोन शब्दांत अंतर आहे ते केवळ एका उपसर्गाचे. पंगतीत आग्रह होतो, तत्त्वाचाही आग्रह धरला जातो. त्यात कोणाला वावगे वाटत नाही. समोरच्याचे काही ऐकावयाचेच नाही, असे आधी ठरवून धरलेला आग्रह मात्र दुराग्रह होतो. समलिंगी संबंध ज्यांना नीतीच्या दृष्टीने अप्रशस्त वाटतात, त्यांना सरसकट दुराग्रही म्हणावे काय, या वादाचे मर्मही त्या एका उपसर्गातच आहे.

इंग्लंडमध्ये याची मोठी चर्चा झाली. १९५४ साली नेमलेल्या वुल्फेंडन समितीने १९५७ च्या सप्टेंबरात अहवाल दिला. सज्ञान पुरुषांनी परस्परसंमतीने खाजगीत ठेवलेला संबंध गुन्हा मानू नये, अशी तिची शिफारस होती. असे आचरण नैतिक आहे, असा निर्वाळा समितीने दिला नव्हता. पापाची आणि गुन्ह्याची सीमा एक नव्हे, एवढेच तिने सांगितले. कँटरबरीचे आर्चबिशप जेफ्री फिशर हे त्या आचरणाला पाप मानीत. तरीही त्यांनी शिफारशीला पाठिंबा दिला. अशा माणसाला केवळ त्याच्या नापसंतीवरून दुराग्रही म्हणणे न्यायाचे होणार नाही. दुसऱ्याच्या पायांत बेडी घालण्यास त्याने नकार दिला होता.

न्यायमूर्ती पॅट्रिक डेव्हलिन यांना हे पटले नाही. समाज समान नीतिकल्पनांनी बांधलेला असतो, आणि सामान्य माणसाची तीव्र घृणा ही दुर्लक्षिण्याजोगी गोष्ट नव्हे, असे त्यांनी १९५९ च्या व्याख्यानात मांडले. प्राध्यापक हर्बर्ट हार्ट यांनी त्याच वर्षी त्यांना उत्तर दिले. पुढे १९६६ साली रोनाल्ड ड्वॉर्किन यांनी या वादाच्या मुळाशी हात घातला. प्रत्येक नापसंती ही नैतिक भूमिका नसते, असे ते म्हणाले. निव्वळ किळस, पूर्वग्रह, वस्तुस्थितीविषयीचा खोटा समज आणि दुसऱ्याचे ऐकून केलेली पोपटपंची यांना नीतीचे नाव देता येत नाही. १९६७ साली इंग्लंड आणि वेल्समध्ये कायदा बदलला. ड्वॉर्किन यांनी दिलेली कसोटी मात्र अजूनही उपयोगी आहे.

त्या कसोटीवर आपल्याकडील नापसंती घासून पाहावी. ‘हा रोग आहे’ असे पुष्कळ जण म्हणत. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ साली, आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली, समलैंगिकतेला विकारांच्या यादीतून वगळले. हे कळल्यावरही जो रोगाचेच तुणतुणे वाजवितो, त्याचा आग्रह दुराग्रह झाला. महाराष्ट्रात तर एके काळी या विषयावर बोलणेच निषिद्ध होते. ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून वाचकांच्या लैंगिक शंकांना मोकळी उत्तरे दिली म्हणून र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्या शंकांत समलिंगी संबंधांविषयीचाही प्रश्न होता. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली, तरी शिक्षा टळली नाही. जेथे प्रश्नच अपराध ठरतो, तेथे नापसंतीला आपली कारणे तपासण्याची संधीच उरत नाही.

त्याच आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत संवैधानिक नीतीची महती सांगितली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी १८६० च्या दंडसंहितेतील ३७७ वे कलम सज्ञानांच्या संमत संबंधांना लागू होत नाही, असा एकमुखी निर्णय दिला. लोकरूढ नीतीपेक्षा संवैधानिक नीती श्रेष्ठ, हे त्यातील एक प्रमुख सूत्र होते. नापसंती बाळगण्याचा कोणाचा हक्क या निर्णयाने हिरावला नाही. तिच्या हातातील दंडुका तेवढा काढून घेतला.

आता प्रश्न उरतो तो घराच्या उंबरठ्याआतला. मुलाने धीर करून आपले मन उघड केले आणि बापाला ते पेलले नाही, तर त्या बापाला तत्क्षणी दुराग्रही म्हणण्याने काय साधणार? दूषणाने संवादाचे दार लागते. आणि न ऐकता दिलेले दूषण हाही एक दुराग्रहच होय. परंतु बापानेही एक ओळखले पाहिजे. त्याच्या दृष्टीने हे केवळ मत असेल, मुलाच्या दृष्टीने ते उभ्या आयुष्यावरचा निवाडा असतो. मत बाळगणारा रात्री सुखाने झोपू शकतो. ज्याच्याविषयी ते मत असते, त्याला ते सोबत घेऊनच जगावे लागते. म्हणून कारण देण्याचे आणि ऐकून घेण्याचे ओझे अगोदर मत बाळगणाऱ्यावर पडते.

नापसंती जोवर कारणे देते, उत्तरे ऐकते, तोच न्याय स्वतःलाही लावते आणि दुसऱ्याच्या घराची, चाकरीची व मानाची वाट अडवीत नाही, तोवर तिला आग्रहच म्हणावे. ज्या दिवशी ती मुलाला दाराबाहेर काढते, त्या दिवशी तिला दुसऱ्या कोणी नाव ठेवण्याची गरज उरत नाही. तो उपसर्ग तिने स्वतःच स्वतःला जोडून घेतलेला असतो.