संशोधनाचे मोल कोणी ठरवायचे?

(अंबाजोगाई येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



अंबाजोगाईत सीताफळ संशोधन केंद्र आहे, हे बीड जिल्ह्यातील पुष्कळांना ठाऊक असते. तेथील शास्त्रज्ञाच्या कामाचे मोजमाप कसे होते, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे हे केंद्र. बालाघाटच्या मुरमाड डोंगरात अल्प पाण्यावर तग धरणाऱ्या बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु उतरवलेले फळ तीन-चार दिवसांत मऊ पडते आणि टिकवण्यासाठी गर तापवावा, तर तो कडू होतो. खरे संशोधन येथे सुरू होते. कलमाला फळ धरण्यासच तीन-चार वर्षे लागतात, नव्या जातीची पारख करण्यात दशक सरते. वर्षअखेरीस शोधनिबंधांची संख्या मागणाऱ्या तक्त्यात हे दशक कोणत्या रकान्यात लिहायचे?

हा प्रश्न साम्यवादाच्या जोखडातून सुटलेल्या देशांना फार तीव्रतेने पडला. सोव्हिएत राजवटीत विज्ञानाला पैसा कमी नव्हता. गणितात आणि भौतिकशास्त्रात तेथे थोर कार्य झाले, हे मान्य केलेच पाहिजे. पण जेथे पक्षाच्या तत्त्वज्ञानाचा संबंध आला, तेथे सत्याचा निवाडा पक्षाने केला. जगभरची बियाणी गोळा करणारा निकोलाय वाविलोव्ह १९४३ साली सारातोव्हच्या तुरुंगात मरण पावला. आनुवंशशास्त्र नाकारणारा लायसेन्को मात्र सन्मानित झाला आणि १९४८ साली त्या शास्त्राचे अध्यापनच बंद पाडण्यात आले. त्याची किंमत रशियन शेतीने मोजली.

१९९१ नंतर पक्ष गेला आणि त्याबरोबर पैसाही आटला. रशियात १९९२ साली मूलभूत संशोधनासाठी स्पर्धात्मक अनुदान देणारा निधी स्थापन झाला. संस्थेला ठोक रक्कम देण्याऐवजी संशोधकाचा प्रस्ताव पाहून, त्याच विषयातील जाणकारांच्या अभिप्रायावर पैसा द्यायचा, ही तेथे नवी गोष्ट होती. चेक प्रजासत्ताकाने पुढे वेगळीच वाट धरली. प्रत्येक शोधनिबंधाला गुण आणि गुणांच्या प्रमाणात निधी. तेथील शास्त्रज्ञांनी या पद्धतीला ‘कॉफी दळण्याचे यंत्र’ असे नाव ठेवले! संख्या वाढली, तुकडे-तुकडे करून निबंध छापले जाऊ लागले. अखेर २०१७ पासून ती पद्धत बदलावी लागली. पक्षाच्या जागी यंत्र बसले, तरी विवेक आपोआप येत नाही. पोलंडने २०११ साली राष्ट्रीय विज्ञान केंद्र उभारले, तेही राजधानी वॉर्सात नव्हे, क्राकोवमध्ये. त्याच्या निधीचा किमान पाचवा हिस्सा कायद्यानेच तरुण संशोधकांसाठी राखलेला आहे.

आपल्याकडे साम्यवादी सत्ता नव्हती, पण दळणाचे यंत्र आले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली प्राध्यापकांच्या पदोन्नतीला गुणांकन जोडले आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांना सुगीचे दिवस आले. त्यांना आवर घालण्यासाठी २०१८ साली आणलेली मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादीही २०२५ साली मागे घेतली गेली. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन स्थापन झाले. पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपयांचे उद्दिष्ट असून त्यातील मोठा वाटा खासगी क्षेत्राकडून अपेक्षित आहे. उद्योगपती सीताफळाच्या कडवटपणावर आपण होऊन पैसा लावतील, अशी आशा भाबडी ठरेल.

म्हणून ग्रामीण संशोधनासाठी दहा वर्षांचे अनुदान आणि दर तीन वर्षांनी आढावा अशी व्यवस्था हवी. शास्त्रीय बाजू दूरच्या, हितसंबंध नसलेल्या तज्ज्ञांनी तपासावी, आणि उपयुक्तता तपासणाऱ्या समितीत धारूरचा बागायतदार व गर काढणारा लघुउद्योजक असावा. फसलेला प्रयोग प्रामाणिकपणे नोंदवला असेल, तर तोही कामात धरावा. हा आढावा मार्चच्या कागदी घाईत उरकू नये. तो सीताफळाच्या हंगामात, बागेत जाऊन घ्यावा.