घोडी ट्रेनरकडे द्यायची की स्वतः घडवायची?

(ज्यांना भाग ऐकायला वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी हा लिखित मजकूर. बोलले तसंच बरंचसं ठेवलंय.)



सारंगखेड्याची यात्रा तोंडावर आली की माझ्या इनबॉक्समध्ये एकच प्रश्न फिरत असतो. यंदाही आलाय. एका मुलाने व्हॉइस नोट पाठवलीय: "ताई, घरी दीड वर्षाची मारवाडी बछेरी आहे. पुढे तिला शोमध्ये उतरवायचंय. ट्रेनरकडे टाकू की मीच शिकवू? घरचे म्हणतात पैसे वाया घालवू नको, मित्र म्हणतात हात-पाय मोडून घेशील."

दोघांचंही बरोबर आहे रे बाबा! कारण आमच्या घरी दोन्ही झालंय. पैसेही वाया गेले आणि खांदाही निखळला. खांदा अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. आज तेच सांगते.

ज्यांना सारंगखेडा माहीत नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यात, तापीच्या काठावर हे गाव आहे. तिथे एकमुखी दत्ताचं मंदिर आहे आणि दत्तजयंतीला यात्रा सुरू होते. यात्रेबरोबर घोड्यांचा मोठा बाजार भरतो. राजस्थान, गुजरात, पंजाब, कुठून कुठून घोडे येतात. खरेदी-विक्री तर असतेच, पण स्पर्धाही असतात. चाल, नाच, रूप, सगळं बघतात.

आमचा पहिला घोडा तिथूनच आला. बादल. अण्णांनी घेतला तेव्हा नऊ महिन्यांचं शिंगरू होतं. मी अकरावीत होते आणि मला वाटत होतं, घोडा शिकवायला काय लागतं? मोबाइल आहे, व्हिडिओ आहेत, प्रेम आहे. बास!

तर मी काय केलं बघा. रोज हातातून गूळ भरवला. तो खिसे हुंगायला लागला, आम्ही हसलो. मग बाही चावायला लागला, तरी हसलो. दीड वर्षाचा झाल्यावर त्याने माझ्या दंडाला असा चावा घेतला की पंधरा दिवस काळंनिळं होतं. तेव्हा मात्र कुणी हसलं नाही.

दुसरं म्हणजे दोरी. त्याने मान झटकून दोरी ओढली की मी घाबरून सैल सोडायची. मला वाटायचं, मी त्याला शांत करतेय. खरं तर मी त्याला शिकवत होते. घोडा दाबाने शिकत नाही, दाब *सुटतो* त्या क्षणाने शिकतो. दोरी ताणली, तो एक पाऊल पुढे आला आणि त्याच क्षणी तुम्ही दोरी सैल केली, तर तो शिकतो की पुढे आलं की सुटका. त्याने झटका दिल्यावर सैल केली, तर तो शिकतो की झटका दिला की सुटका. बादल हुशार होता. मी वर्षभर शिकवलेला धडा त्याने पक्का पाठ केला.

आणि तिसरी चूक. आमची वस्ती शेतात. बादलने कधी ढोल ऐकला नव्हता, गर्दी पाहिली नव्हती. तसाच आम्ही त्याला दोन वर्षांचा असताना सारंगखेड्याला रिंगणात नेला. हलगी वाजली, बाजूच्या घोड्याने पाय आपटले आणि बादल मागच्या दोन पायांवर उभा राहिला. दोरी अण्णांच्या हातात होती. त्यांनी ती सोडली नाही, सोडली असती तर तो गर्दीत घुसला असता. अण्णांचा खांदा निखळला.

बादलला अण्णांनी तिथेच विकला. पडेल त्या भावाने. आज तो कुठे आहे मला माहीत नाही. हे बोलताना मला अजून त्रास होतो, कारण चूक त्याची नव्हती. बिघडलेला घोडा एका दावणीवर टिकत नाही, मंडळी. तो विकला जातो, पुन्हा विकला जातो, आणि प्रत्येक वेळी भाव उतरतो, मालकही तसाच मिळत जातो. घोडा शिकवण्यात हौसेपलीकडे काय पणाला लागतं, ते हे.

मग आली चांदणी. आता आम्ही ठरवलं, आपण हात लावायचाच नाही. नाव असलेला ट्रेनर शोधला. चार महिन्यांचे पैसे दिले, दाण्याचे वेगळे. चार महिन्यांत मी तिला बघायला किती वेळा गेले असेन? एकदा. तेही फोन करून.

चांदणी परत आली ती एकदम बदलून. ढोल वाजला की पाय उचलायची, मान कमानीसारखी करायची. गावात व्हिडिओ फिरला. पण मी म्होरकी घालायला हात वर केला की डोकं असं झटकायची, जणू तिला कुणी मारायलाच उठलंय. तोंड उघडून बघितलं तर ओठांच्या कोपऱ्यात जुन्या जखमांचे घट्टे. लगाम काट्याचा वापरला होता.

हे कायद्यातही बसत नाही, लक्षात ठेवा. ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठी १९६५ चे नियम आहेत, त्यात काटे असलेला लगाम वापरायला बंदी आहे. मी त्या ट्रेनरला दोष देऊ शकते, आणि देतेही. पण मी त्याला विचारलं काय होतं? "नाचेल ना?" एवढंच. कशी नाचेल, ते मी विचारलंच नाही.

आणि गंमत अशी की तो धरायचा तेव्हा चांदणी मेंढरासारखी चालायची. मी धरली की पुन्हा उधळायची. मला वाटायचं, हिला शिकवलंच नाहीये. तसं नव्हतं. तिला शिकवलं होतं, मला कुणी शिकवलं नव्हतं.

इथे एक जुनी गोष्ट सांगते. बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा होता. मालक फॉन ओस्टेन. हान्स गणितं सोडवतो म्हणून गाजला होता, उत्तर खुराने ठोके देऊन सांगायचा. १९०४ मध्ये तपासणी समिती बसली, तिला काही लबाडी सापडली नाही. मग ऑस्कर फुंग्स्ट नावाच्या अभ्यासकाने नीट प्रयोग केले. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल, किंवा तो हान्सला दिसत नसेल, तर हान्स चुकायचा. म्हणजे हान्स गणित करत नव्हता, तो माणूस वाचत होता. बरोबर ठोक्याला माणसाचं डोकं नकळत किंचित हलायचं आणि हान्स थांबायचा.

विचार करा. जो प्राणी डोक्याची एवढीशी हालचाल वाचतो, त्याला तुमची घाबरलेली मूठ कळणार नाही? ट्रेनरच्या हातात आणि तुमच्या हातात फरक आहे हे त्याला पहिल्या पावलात कळतं.

मग आम्हाला चाचा भेटले. शेजारच्या गावचे, जुने चाबुकस्वार. घोडा फिरवून तयार करणाऱ्याला आपल्याकडे हा जुना शब्द आहे. पण चाचांच्या हातात मी चाबूक क्वचितच पाहिला. अण्णा म्हणाले, "चाचा, घोडी सोडून जातो तुमच्याकडे." चाचा म्हणाले, "घोडी नको सोडू. पोरीला पाठव."

पहिल्या दिवशी चांदणी नव्हतीच. चाचांनी दोरीचं एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं. "डोळे मीट बेटा. मी ओढलं की सांग, सोडलं की सांग." अर्धा तास तेच. मग उलटं, मी ओढायचं आणि ते सांगायचे. म्हणाले, "तू सोडतेस ते उशिरा सोडतेस. घोडी बिचारी विचार करते, मी केलं ते बरोबर की चूक?" दोन वर्षं जे व्हिडिओत मला दिसलं नव्हतं, ते त्या अर्ध्या तासात हाताला कळलं.

मग आठवड्यातून दोन दिवस चाचांसमोर, बाकी दिवस घरी मी. रोज खरारा. चारही पाय उचलून धरायचे, म्हणजे नालबंद आला की भांडण नको. टेम्पोत चढायचं, उतरायचं. ढोल आधी लांबून, मग रोज थोडा जवळून. तोंडात लगाम कित्येक महिने घातलाच नाही. फक्त म्होरकी. तरी डोक्याला हात लावू द्यायला तिने जवळजवळ पाच महिने घेतले. बिघडवायला चार महिने आणि नुसता हात लावू द्यायला पाच, हा हिशोब ध्यानात ठेवा.

पण खोगीर टाकून पहिल्यांदा पाठीवर कोण बसलं? चाचा. मी नाही. मी हट्ट केला होता. ते म्हणाले, "पहिली बैठक घोडीला जन्मभर लक्षात राहते. ती शिकाऊ माणसाची नको." हे मी आजही मानते.

तर आता मूळ प्रश्न. माझं मत सरळ आहे. ट्रेनर घ्या, पण नुसती घोडी शिकवायला नाही, तुम्हाला शिकवायला. पैसे तिथे घाला.

आणि हे काही माझं नवं डोकं नाही. ग्रीसमध्ये झेनोफन नावाचा घोडेस्वार-लेखक होऊन गेला, सव्वादोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी. त्याचंही म्हणणं होतं की बछेरा शिकवायला जाणकाराकडे द्या, पण मुलाला कारागिराकडे शिकायला ठेवतो तसा. परत येईल तेव्हा त्याला काय काय आलं पाहिजे, ते आधी लिहून ठरवा. आणि देण्याआधी घरच्या घरी त्याला माणसाची, गर्दीची, आवाजाची सवय करा. तो बुजला तर चिडू नका, यात भ्यायचं काही नाही हे शांतपणे दाखवा. आम्ही बादलच्या वेळी दुसरं केलं नाही आणि चांदणीच्या वेळी पहिलं.

म्हणून ट्रेनरला हे विचाराच. मी न सांगता कधीही आलो तर चालेल का? चालणार नसेल तर तिथूनच परत फिरा. लगाम कोणता वापरता, दाखवा. माझ्या घोडीला रोज कोण फिरवणार, तुम्ही की तुमच्याकडची पोरं? आणि शेवटचे पंधरा दिवस मला तिच्याबरोबर उभं करून शिकवाल का?

वयाचंही विचारा. घोड्याचे दुधाचे पुढचे दात साधारण अडीच वर्षांनी पडायला लागतात, तोवर आपण त्याला अदंत म्हणतो. गुडघ्याच्या हाडाची वाढही साधारण दोन-अडीच वर्षांच्या सुमारास पुरी होते आणि पाठीच्या मणक्यांची त्याहून बऱ्याच उशिरा. दीड वर्षाच्या बछेरीवर कुणी बसतो म्हणाला तर हात जोडा आणि घरी या. दोरीवर चालणं, उभं राहणं, पाय देणं, हे मात्र त्या वयात तुम्ही शिकवू शकता, शिकवाच.

आणि स्वतः करायचं नाही ते कोणतं? चावणारा, पुढचे पाय उचलून अंगावर येणारा घोडा. वयात आलेला नर. पहिलं खोगीर. इथे "आपलाच आहे, काही करणार नाही" म्हणू नका. घरी कुणी नसताना तर अजिबात नाही. माझ्यासारखं काळंनिळं होण्यावर भागलं तर नशीब समजा.

रिंगणात कुणी धरायची, हा वेगळा प्रश्न. रूपाच्या स्पर्धेत घोडी चारही पायांवर नीट उभी राहावी लागते, परीक्षकासमोर सरळ रेषेत चालावी, पळावी लागते. सराईत माणूस तिचं रूप खुलवून दाखवतो हे खरंय. बक्षीसच हवं असेल तर सराईत माणूस लावा, त्यात कमीपणा नाही. पण तो आधी महिनाभर तरी तिला ओळखत असू दे. यात्रेच्या सकाळी दोरी हातात देऊ नका.

आम्ही काय केलं? परत सारंगखेड्याला गेलो तेव्हा चांदणी माझ्या हातात होती. तोच ढोल, तीच गर्दी. तिने एकदा कान टवकारले, माझ्याकडे वळून बघितलं आणि उभी राहिली. आमचा नंबर आला नाही. मान थोडी आखूड आहे तिची, ते कुणाच्या शिकवण्याने लांब होत नाही.

बाहेर आल्यावर अण्णा काही बोलले नाहीत. बादलनंतर त्यांनी कुठल्याही घोड्याची दोरी धरली नव्हती. त्यांनी हात पुढे केला, निखळला होता तोच, आणि म्हणाले, "दे इकडे. तू चहा पिऊन ये."

मी चहा प्यायले नाही. लांब उभी राहून बघत होते. ती त्यांच्या मागे चालत होती, दोरी सैल होती.

तर दीड वर्षाच्या बछेरीवाल्या दादा, या यात्रेला तिला घाईने उतरवू नकोस. सोबत ने हवं तर, गर्दीच्या कडेला उभी कर, ऐकू दे, बघू दे. आणि तिथे चांगला चाबुकस्वार दिसला तर आधी त्याच्या घोड्यांची तोंडं बघ, मग त्याच्याशी बोल.

तुमचे अनुभव व्हॉइस नोटवर पाठवा, फसलेले आधी पाठवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, स्वतःची आणि जनावरांची. नमस्कार!