‘आलाच आहात तर एवढे बघून जा’

(संस्थेच्या स्वयंरोजगार मार्गदर्शन मेळाव्यात केलेले भाषण)



स्वयंरोजगारावर चार शब्द बोलावेत असे कार्यवाहांनी आम्हांस सुचविले, तेव्हा कर्ज कसे मिळवावे, अर्ज कसा भरावा, याविषयी आम्ही बोलू अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही बँकेत लिपिक आहोत, त्यामुळे ती रास्तच आहे. परंतु कर्जाची माहिती कोणत्याही शाखेत मिळते. कर्ज घेऊन उभा केलेला धंदा, हाताला भरपूर काम असूनही का बसतो, हे मात्र तेथे कोणी सांगत नाही. आम्ही मराठी घेऊन बी.ए. झालेलो, वाणिज्य शाखेचे शिक्षण आम्हांस नाही. काउंटरवर बसून जे दिसले तेवढेच सांगणार आहोत.

आमच्या ओळखीच्या एक ताई घरी शिवणकाम करतात. त्यांच्या संमतीने हे सांगत आहोत, नाव मात्र सांगत नाही. प्रधानमंत्री मुद्रा योजना २०१५ साली सुरू झाली. तिच्या ‘शिशु’ गटात पन्नास हजार रुपयांपर्यंतचे कर्ज विनातारण मिळते. ताईंनी तेवढे कर्ज तीन वर्षांच्या मुदतीने घेतले आणि मोटारीची एक शिलाई मशीन व पिकोची एक मशीन आणली. हप्ता साडेसोळाशेच्या आसपास. हाताला गुण चांगला, त्यामुळे गिऱ्हाईक तुटून पडले. दिवाळीच्या तोंडावर तर रात्री एक वाजेपर्यंत मशीनचा आवाज गल्लीत ऐकू येई. आणि तरीही चौथ्या महिन्यापासून हप्ता मागे पडू लागला. थकबाकीच्या यादीत त्यांचे नाव आले आणि ती यादी आमच्याच टेबलावर आली.

एका रविवारी आम्ही त्यांच्या घरी गेलो. “ताई, काम तर दिसते आहे, मग पैसा जातो कुठे?” असे विचारले. त्या म्हणाल्या, “भाऊ, मलाच कळत नाही. दिवसभर मान वर काढत नाही मी.” बोलणे चालू असतानाच दारात एक काकू आल्या. ब्लाऊज न्यायला आल्या होत्या. शिलाई दिली, आणि मग पिशवीतून हळूच एक साडी काढली. “एवढा फॉल तेवढा लावून ठेव हं, ब्लाऊज तुझ्याकडेच शिवते ना मी!” ताई म्हणाल्या, “ठेवा काकू.” काकू गेल्या. फॉलचे किती घ्यायचे हे दोघींपैकी कोणीच बोलले नाही. पैसा कुठे जातो ते आमच्या डोळ्यांसमोरच घडले होते.

आम्ही त्यांना शंभर पानी वही आणून दिली. डाव्या पानावर पैशाचे काम, उजव्या पानावर बिनपैशाचे, आणि त्यापुढे लागलेला वेळ. एवढेच महिनाभर लिहावयाचे होते. महिन्याने वही पाहिली. उजव्या पानांवर काय नव्हते? साडीचे फॉल होते, पदराचे पिको होते, दुसरीकडे शिवलेल्या ब्लाऊजची उसवलेली बाही होती, मुलाच्या शाळेच्या पँटची चेन होती, उरलेल्या कापडाची पिशवी होती, उशीचे दोन अभ्रे होते. एका बाईने तर ब्लाऊजला अस्तर लावून घेतले आणि शिलाई साध्या ब्लाऊजची दिली. अस्तराचे कापड आधी भिजवून वाळवावे लागते, वेगळे कापावे लागते, म्हणजे जवळजवळ दुसराच ब्लाऊज झाला. सगळा वेळ मोजला तो तीस तास भरला. साधा ब्लाऊज त्या दोन तासांत शिवतात. तीस तासांत पंधरा ब्लाऊज झाले असते. दोनशे रुपये शिलाईने तीन हजार रुपये. हप्ता साडेसोळाशे.

येथे एक कबुली द्यावयास हवी. त्या उजव्या पानांवर आमच्या घरचेही दोन फॉल होते. आम्ही पुन्हा पुन्हा पाहिले, अक्षर ताईंचेच होते.

आता कोणी म्हणेल, थोडे वर दिले तर बिघडले काय? भाजीवाली मावशी कोथिंबिरीच्या दोन काड्या, कढीपत्त्याचे एक डहाळे वर टाकतेच की. पाणीपुरीवाला शेवटी एक सुकी पुरी देतोच. देतो, हे खरे. परंतु त्या पुरीचा दाम त्याने प्लेटच्या भावात आधीच धरलेला असतो. ती प्रत्येकाला मिळते, एकच मिळते, आणि तिला किती लागते हे त्याला ठाऊक असते. दुसरी मागा, तो हसून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. सेवेच्या धंद्यात मात्र वर द्यावयाची वस्तू म्हणजे वेळ, आणि तो पाटीतल्या कोथिंबिरीसारखा समोर दिसत नाही. गिऱ्हाइकाला तर दिसत नाहीच, काम करणाऱ्यालाही दिसत नाही. वही त्याकरिता हवी.

आय.टी.आय.मधून वायरमन, इलेक्ट्रिशियन होऊन निघालेल्या मुलांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. पंखा बसवायला बोलावतात. पंखा झाला की “आलाच आहात तर बेलचे बघा”, मग “ती ट्यूब फडफडते आहे”, मग “मिक्सरची पिन ढिली झाली आहे”. दीड तास होतो, आणि पैसे पंख्याचे. तोच मुलगा एखाद्या मोठ्या कंपनीच्या सेवा केंद्रातर्फे आला, तर नुसते दारात येण्याचे शुल्क आम्ही निमूट भरतो आणि पावतीही जपून ठेवतो. मुलगा तोच, पक्कडही तीच! मॉलमध्ये शर्ट घेताना “एक रुमाल वर द्या” असे म्हणण्याची आपली छाती होत नाही. ती छाती आपण राखून ठेवतो ती गल्लीतल्या माणसाकरिता.

ताईंना आम्ही म्हटले, पैसे का सांगितले नाहीत? त्या म्हणाल्या, “तोंडातून निघतच नाही, भाऊ.” हा शब्द आमच्या मनात बराच काळ राहिला. दर न सुटणारे हे तोंड काही एकट्या ताईंचे नाही. आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढीत गावकीच्या कामाला दर नव्हता. १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात वतनी कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. महाराने नेमके कोणते काम करावयाचे हे ठरलेले नाही, कोणत्याही खात्याचा माणूस त्याला कोणत्याही वेळी राबवू शकतो, तो घरी नसेल तर त्याच्या बापाला, घरच्या दुसऱ्या माणसाला कामास जुंपले जाते, हेच त्यांनी तेथे परोपरीने सांगितले होते. मोबदला तुटपुंजा होता हे तर झालेच, परंतु काम कोठे संपते तेच ठरलेले नव्हते. १९५० साली अमलात आलेल्या संविधानाच्या तेविसाव्या अनुच्छेदाने वेठबिगारीला बंदी केली. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने गेली. कायद्यातून गेलेली गोष्ट तोंडातून जायला मात्र वेळ लागतो. गिऱ्हाईक “एवढे तेवढे” म्हणते, ते बहुधा वाईट हेतूने म्हणत नाही. आपणच मान खाली घालून “ठेवा” म्हणतो.

यावर ताईंनी काय केले ते सांगतो, कारण उपाय त्यांचा आहे, आमचा नव्हे. आमचा उपाय होता तो त्यांनी साफ नाकारला. आम्ही सांगितले होते की, सरळ ‘नाही’ म्हणावे. त्या म्हणाल्या, “नाही म्हटले तर गिऱ्हाईकही जाईल आणि शेजारही जाईल.” त्याऐवजी त्यांनी ‘हो’ आणि दर एकाच दमात सांगण्याची सवय केली. “होईल की काकू, फॉल-पिकोचे शंभर रुपये, परवा देते.” बस्स. पुढे स्पष्टीकरण नाही, महागाईचे रडगाणे नाही, मुलांच्या फीची कथा नाही. दर सांगून गप्प बसावयाचे. हे गप्प बसणे फार अवघड असते म्हणतात. समोरचा काही बोलेपर्यंतचे चार क्षण निघता निघत नाहीत, आणि तेवढ्यात आपणच घाबरून “बरं, ऐंशी द्या” म्हणून मोकळे होतो. पहिल्या आठवड्यात ताईंचे असे तीनदा झाले.

मग त्यांनी मशीनच्या वर दराचा फलक लावला. ही कल्पना मात्र त्यांनी आमच्या बँकेतून उचलली. बँकेत सेवा शुल्काचा तक्ता लावलेला असतो. काउंटरवर कोणी हुज्जत घालू लागला की आम्ही तक्त्याकडे बोट दाखवितो, आणि भांडण आमच्याशी न राहता तक्त्याशी होते. ताईंच्या फलकावर साधा ब्लाऊज, अस्तराचा ब्लाऊज, पाइपिंग, लटकन, फॉल, पिको, जुन्या कपड्याची दुरुस्ती, पिशवी असे सारे वेगवेगळे लिहिले आहे. पिशवी तीस रुपये. शिवाय माप घेतानाच पावतीवर काय काय करावयाचे ते लिहून त्या गिऱ्हाइकाला वाचून दाखवितात. नंतर साडी निघाली, तर पावतीवर नवी ओळ चढते. नवीन ग्राहक संरक्षण कायद्यात, म्हणजे २०१९ च्या, बिल किंवा पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे, तेव्हा पावतीची सवय तशीही लावलेली बरी. करार कायदा तर १८७२ चा. फुकट करण्याचा हेतू नसताना एखाद्याने कायदेशीरपणे केलेल्या कामाचा लाभ दुसऱ्याने घेतला, तर त्याने मोबदला दिला पाहिजे, असे त्याचे सत्तरावे कलम सांगते. पण शंभर रुपयांच्या फॉलकरिता कोर्टाची पायरी कोण चढणार? ते शंभर रुपये माप घेतानाच ठरले पाहिजेत.

एक फरक त्यांनी कटाक्षाने पाळला, आणि तो होतकरू मुलांनी नीट समजून घ्यावा. स्वतःची चूक आणि गिऱ्हाइकाची वाढीव मागणी या दोन गोष्टी निराळ्या आहेत. खांदा उतरला, बाही घट्ट झाली, पहिल्या धुण्यात शिवण उसवली, तर ते पंधरा दिवसांत विनामूल्य आणि तेही हसतमुखाने करून द्यावयाचे. त्याला वरचे काम म्हणू नये, ते पहिलेच काम अपुरे राहिलेले असते. आपल्या चुकीचे पैसे मागणारा कारागीर आणि वाढीव काम फुकट करणारा कारागीर, दोघांचेही दुकान फार दिवस चालत नाही. उरलेले कापड गिऱ्हाइकाचे, ते घडी करून परत द्यावे. आणि एखादीजवळ पैसे खरेच कमी असतील तर दर न पाडता काम कमी करावे. अस्तर नको, लटकन नको, साधा गळा घ्या, एवढ्यात होईल. दर एकदा पाडला की पुढच्या खेपेला तोच दर होतो, आणि ती बाई शेजारणीला सांगते ते वेगळेच.

हे सारे सुरळीत झाले असे मात्र नाही. ताईंच्या यजमानांच्या सख्ख्या मामी रुसल्या. “आता घरच्यांकडूनही पैसे?” म्हणाल्या, आणि तेव्हापासून दुसरीकडे शिवतात. एका लग्नात समोरासमोर आल्या तरी बोलल्या नाहीत. ताईंना त्याचे अजून वाईट वाटते. गिऱ्हाइके तीन-चार गेली, त्यातली एक परत आली. घरच्यांना सवलत द्यावी की नाही, यावर आमचे आणि ताईंचे अजूनही एकमत नाही. आमच्या मते सवलत द्यावी, पण पावतीवर पूर्ण रक्कम लिहून खाली ‘सूट’ म्हणून दाखवावी. ताई म्हणतात, मामींना पावती दिली असती तर त्या लग्नालाही आल्या नसत्या.

त्याच वहीत, उजव्या पानावर, एक नोंद मात्र अजूनही असते. धुणीभांडी करणाऱ्या एका बाईंच्या मुलीचा शाळेचा गणवेश ताई दर जूनला शिवून देतात, आणि शिलाई घेत नाहीत. त्या बाईंनी ती कधी मागितलेली नाही. फुकट काम बंद करा असे आम्ही एवढ्या तोंडाने सांगितलेले, म्हणून विचारले, “मग हे काय?” ताई म्हणाल्या, “हे मी ठरवून देते.” आमच्याजवळ उत्तर नव्हते. कर्जाचा हप्ता आता नियमित येतो. नऊ महिने झाले, यादीत नाव नाही.

शेवटी आपल्या संस्थेविषयी. मागील वेळच्या स्मरणिकेचे काम ठरले तेव्हा समितीत आम्हीही होतो. छपाईचा दर ठरला, आणि त्यानंतर आपण मुद्रकाला काय काय म्हटले ते आठवून पाहावे. “मुखपृष्ठाला लॅमिनेशन तेवढ्यातच करा”, “चार जाहिराती आल्या आहेत, बसवून घ्या”, “पंचवीस प्रती वर द्या, समाजाचे काम आहे.” तो तरुण याच वस्तीतला. त्यानेही कर्ज काढून यंत्र घेतले आहे. प्रत्येक वेळी “ठीक आहे” म्हणाला. शेवटचे मुद्रित तपासायला आम्ही त्याच्याकडे गेलो, तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि तो एकटाच फॉर्म जुळवीत बसला होता. या वेळच्या स्मरणिकेचे दरपत्रक त्याच्याकडून मागविले आहे. लॅमिनेशन, वाढीव पाने आणि जादा प्रती यांचे दर वेगवेगळ्या ओळींत लिहून द्यावेत, असे आम्ही त्याला कळविले आहे. ते कार्यकारिणीपुढे येईल, तेव्हा खजिनदार साहेबांनी त्या ओळींवर लाल पेन्सिल फिरवू नये, एवढीच विनंती करतो आणि आपली रजा घेतो.