यंत्राची भाषा बदलताना
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



मघाशी चहाच्या वेळी तिघांनी विचारलं, "तू नक्की करतोस काय?" सांगतो. भोसरी-चाकण पट्ट्यातल्या छोट्या वर्कशॉपांसाठी मी सीएनसी लेथचे प्रोग्रॅम एका कंट्रोलच्या भाषेतून दुसऱ्या कंट्रोलच्या भाषेत उतरवून देतो. मालक फॅनक कंट्रोलची जुनी लेथ काढतो आणि सीमेन्सवाली आणतो. जॉब तोच, ड्रॉइंग तेच, पण जुना प्रोग्रॅम नव्या मशीनवर चालत नाही.

लिपी दोन्हीकडे जवळजवळ सारखी आहे, खरी अडचण तिथेच आहे. हिंदीच्या बाईंनी 'शिक्षा' शब्द शिकवला तेव्हा अख्खा वर्ग घाबरला होता, आठवतं? तसंच. फॅनक लेथच्या नेहमीच्या पद्धतीत 'जी९०' म्हणजे टर्निंगचं अख्खं चक्र: टूल पुढे जा, काप, बाहेर ये, परत ये. सीमेन्समध्ये 'जी९०' म्हणजे फक्त "मापं मूळ बिंदूपासून मोज". ओळ तशीच ठेवली तर अलार्म येईलच असं नाही. टूल सरळ तिरपं जॉबमध्ये घुसू शकतं. अलार्म आला तर मी देवाचे आभार मानतो.

कंसांचंही तेच. फॅनकमध्ये गोल कंसातला मजकूर ही नुसती टीप, मशीन ती वाचत नाही. सीमेन्समध्ये टीप अर्धविरामानंतर येते आणि गोल कंसात गणित होतं.

आणि दशांश चिन्ह! फॅनकच्या जुन्या सेटिंगमध्ये 'झेड -५००', पुढे टिंब नाही, म्हणजे अर्धा मिलिमीटर. सीमेन्स त्याला ५०० मिलिमीटर समजतो, म्हणजे अर्धा मीटर. वाटेत चक असतो, आणि समोर ऑपरेटर उभा असतो. आपले गणिताचे सर टिंब विसरलं की पूर्ण मार्क कापायचे. तेव्हा राग यायचा.

हे सगळं पकडायला मी पायथनमध्ये एक स्क्रिप्ट लिहिली आहे. सीमेन्सवर 'जी२९१' दिलं की तो फॅनकसारखी बोलीही समजतो, पण मालकांना पुढची कामं नव्या पद्धतीनेच हवी असतात. स्क्रिप्टला एक गोष्ट मात्र कळत नाही: ती ओळ लिहिली कशासाठी?

भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये प्रत्येक कापाआधी दोन सेकंदांचा थांबा होता. तिथल्या सेटर काकांना विचारलं. म्हणाले, "जुन्या मशीनला कूलंट पोचायला वेळ लागायचा रे." नव्या मशीनला लागत नाही. थांबा काढला. दिवसाला ६०० जॉब, म्हणजे निदान वीस मिनिटं वाचली. त्याच प्रोग्रॅममध्ये बोअरच्या शेवटी फीड उगाच कमी केल्यासारखा वाटत होता. तो मी वाढवणार, एवढ्यात काका म्हणाले, "त्याला हात लावू नकोस. तिथे भिंत पातळ आहे, जॉब थरथरतो." हे ड्रॉइंगवर नाही, प्रोग्रॅमच्या टिपेतही नाही. फक्त काकांच्या डोक्यात आहे.

आता मी प्रत्येक ओळीपुढे अर्धविराम देऊन काकांचं कारण मराठीतच, पण इंग्रजी अक्षरांत लिहितो. पहिला जॉब काकाच चालवतात: सिंगल ब्लॉक, रॅपिड एकदम कमी, बोट फीड होल्डवर. त्या वर्कशॉपचे चाळीस प्रोग्रॅम अजून बाकी आहेत आणि काका चार महिन्यांत निवृत्त होताहेत. म्हणून आज रात्री मुक्कामाला थांबत नाही. उद्या सकाळी सातच्या पाळीला मला त्यांच्याजवळ बसायचंय.