शेणावरील बुरशीची साक्ष

शेण म्हणजे सारवणाची आणि गोवऱ्यांची वस्तु, यापलीकडे तिच्याकडे पाहण्याचा प्रसंग शहरवासीयांना सहसा येत नाहीं. परंतु ओल्या टिपकागदावर घोड्याची ताजी लीद ठेवून वर कांचेचें भांडें पालथें घातलें व तें उजेडांत ठेवलें, तर कांहीं दिवसांतच तेथें एक चिमुकलें उपवन उगवतें.

प्रथम येतात म्यूकर व पायलोबोलस या जलद वाढणाऱ्या बुरश्या. पायलोबोलसचा पारदर्शक देठ माथ्याशीं फुगलेला असून त्यावर काळी टोपी असते. हा फुगा भिंगाप्रमाणें प्रकाश एकवटतो, देठ उजेडाकडे वळतो आणि आंतील रसाच्या दाबानें टोपी सुमारें दोन मीटर दूर उडते. बुलर यांनीं १९३४ सालच्या आपल्या ग्रंथांत या यंत्रणेचें सविस्तर वर्णन केलें आहे. गुरें शेणाजवळचें गवत टाळतात. बीजुकें दूरच्या गवतावर पडलीं, तरच तीं त्यांच्या पोटांतून पुन्हां शेणांत येतात.

पुढें ॲस्कोबोलस, सॉर्डारिया आणि शेवटीं कोप्रिनसचीं नाजूक भूछत्रें दिसूं लागतात. खरी ओळख मात्र सूक्ष्मदर्शकाखालींच पटते. ॲस्कोबोलसचीं बीजुकें जांभळीं. सॉर्डारियाचीं गर्द तपकिरी, एकपेशीय व बुळबुळीत आवरणाचीं. स्पोरोर्मिएलाचीं चार किंवा अधिक पेशींचीं, आणि प्रत्येक पेशीवर एक बारीक फट.

हे बारकावे केवळ हौसेचे नव्हेत. स्पोरोर्मिएलाचीं बीजुकें तळ्यांच्या गाळांत हजारों वर्षें टिकतात. जेथें मोठे तृणभक्षक प्राणी पुष्कळ, तेथें तींही पुष्कळ. अमेरिकेच्या इंडियाना संस्थानांतील ॲपलमन सरोवराच्या गाळांत तीं मोजून जॅकलिन गिल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००९ मध्यें दाखविलें कीं, मॅस्टोडॉनसारखे प्रचंड प्राणी तेथें १४,८०० ते १३,७०० वर्षांपूर्वींच्या काळांत घटले. अरण्याचें रूप पालटलें आणि मोठे वणवे पेटले, ते त्यानंतर! अर्थात् वनस्पति बदलल्यामुळें ते प्राणी नाहींसे झाले, हें मत निदान त्या स्थळीं टिकत नाहीं.

येथेंच परीक्षकाची कसोटी लागते. प्रेउसिया या जवळच्या बुरशीचीं बीजुकें जवळजवळ तशींच दिसतात. पण ती मातींत व कुजक्या पाल्यावरही वाढते. ओळख चुकली, तर कधींच नसलेले कळप त्या रानांत चरतांना दिसूं लागतील. म्हणून असा संशोधक एका बीजुकावर निवाडा करीत नाहीं. थरामागून थर तो धीरानें मोजीत जातो.