पाणी ओसरल्यावरचा रामलिंग

बार्शीहून लातूरच्या रस्त्याला लागलं आणि पांगरी मागे पडली, की बालाघाटाचा चढ सुरू होतो आणि येडशीजवळ रामलिंगची दरी येते. महादेवाचं देऊळ, भोवतीचं अभयारण्य आणि पावसाळ्यात कड्यावरून पडणारं पाणी यांसाठी बार्शीकर तिथे जातात. श्रावणी सोमवारी तर रीघ लागते. माझं म्हणणं असं, की या धबधब्याचं निम्मं देखणेपण खडकात आहे आणि तो आपण पाहतच नाही. आपल्या भागातला पाऊस मोजका, वर्षाला सरासरी 600 मिलिमीटरच्या आसपास. एवढ्याशा पावसाचं पाणीसुद्धा उतारावरून घरंगळत न जाता उभ्या कड्यावरून कोसळतं, ते खडकामुळे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थर एकावर एक पसरले. थर निवताना आतला वायू वर चढला, म्हणून थराचा माथा सच्छिद्र राहिला आणि गाभा घट्ट झाला. माथ्याकडचा दगड हातात घेऊन पाहा: ज्वारीच्या दाण्याएवढी भोकं, काहींत पांढरे स्फटिक. विहीर खोदणारे अशा मऊ खडकाला मांजऱ्या म्हणतात. पाणी हा मऊ भाग कुरतडत आत शिरतं, वरच्या काळ्या पाषाणाचा आधार सुटतो, आणि तो निवताना पडलेल्या उभ्या भेगांवर तुटून खाली येतो. कडा उभाच राहतो तो असा.

हा खडक पाहायला पाणी ओसरल्यावर जावं म्हटलं, तर कोणी म्हणेल, पाण्याविना धबधबा म्हणजे नवरदेवाविना वरात. मग जानेवारीत कशाला जायचं? पाण्याचा आनंद मोठाच आहे, तो कमी लेखायचं कारण नाही. पण धार जोरात असते तेव्हा खडक फेसाआड जातो. पाणी ओसरलं, की कडा उघडा पडतो आणि आपल्या विहिरीत अंधारात, दोराला लोंबकळत पाहावे लागणारे थर उन्हात समोर दिसतात. दुसरी शंका भाविकांची: देवस्थानी दगडाचं वय कशाला काढायचं? वेरूळचं कैलास लेणं याच जातीच्या पाषाणात, डोंगराच्या माथ्यापासून खाली कोरत नेलं आहे. दगडाची पारख नसती, तर ते देऊळ उभंच राहिलं नसतं. भक्तीला त्या पारखीची अडचण झाली नाही.

तेव्हा ऊन तापायच्या आधी एकदा जावं आणि घट्ट थर मऊ थरावर टेकतो ती आडवी रेघ शोधावी. तिथे कुठे ओल दिसली, शेवाळ हिरवं राहिलेलं दिसलं, तर विहिरीत ज्याला आपण झरा म्हणतो तो हाच.