लांब शब्दाला भिऊ नका



आपल्या वर्गातल्या एक बाई मला म्हणाल्या, "गुरुजी, दवाखान्यातला कागद न वाचताच मी सही केली. इंग्रजी शब्द फार लांब होता हो." तो शब्द होता 'ऑपरेशन'. कानाला ओळखीचा, पण डोळ्यांना परका!

भाकरी आपण अख्खी तोंडात घालतो का? तुकडा मोडूनच खातो. शब्दाचंही तसंच आहे. हनुवटीखाली हात धरा आणि सावकाश म्हणा : ऑ-प-रे-शन. हनुवटी चार वेळा खाली आली. म्हणजे तुकडे चार.

आता जोर कुठे द्यायचा? इंग्रजीत सगळे तुकडे सारख्या जोरानं म्हणत नाहीत. शब्दाच्या शेवटी टी-आय-ओ-एन ही अक्षरं आली, की त्यांचा उच्चार बहुधा 'शन' होतो आणि मुख्य जोर त्याच्या अलीकडच्या तुकड्यावर पडतो. 'स्टेशन'मध्ये 'स्टे'वर, 'एज्युकेशन'मध्ये 'के'वर, 'ऑपरेशन'मध्ये 'रे'वर.

परवा त्याच बाईंनी 'रजिस्ट्रेशन' हा शब्द स्वतः फोडून वाचला, अर्थ विचारला आणि मगच सही केली.

तुम्हीही तसंच करा. आधी फोडा, मग वाचा, मग समजून घ्या. सही सर्वांत शेवटी!